पदराखालचा सौदा

आई,

आज सकाळपासून मी तुझ्यावर चिडले आहे, आणि भांडायला तू समोर नाहीस म्हणून लिहायला बसले. निमित्त अगदीच फालतू आहे. कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे संत्री घेत होते. एक उचललं, देठाशी अंगठा दाबून पाहिला, खाली ठेवलं, दुसरं उचललं. तो बराच वेळ बघत होता. मग बंगालीत म्हणाला, माशीमा, तुम्ही फळबाजारातल्या घरच्या दिसता. मला कोण आनंद झाला. म्हटलं हो, माझे वडील आमच्या मुलखातल्या संत्रा बागाईतदारांचे इथले प्रतिनिधी होते, सगळा माल त्यांच्या हातून जायचा. आणि आई? त्याने सहज विचारलं. मी म्हणाले, आई घरी असायची. पिशवी घेऊन घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. आधी स्वतःवर चिडले, मग तुझ्यावर. कारण ते वाक्य माझं नाहीच. ते तू मला पढवलंस, गप्प बसून बसून.

माझं मराठी आता कुठे कुठे अडखळतं, तेवढं सांभाळून घे. इतकी वर्षं बंगालीत संसार केला आणि इंग्रजीत नोकरी. मराठीत भांडायला तूच एक होतीस.

सियालदहच्या मागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्या तुला आठवतात का, असं विचारणार होते. विचारते कसली, त्या खोल्या म्हणजे तूच. हिवाळा लागला की मालगाडीच्या वाघिणी भरून आपल्याकडची संत्री यायची आणि मालाबरोबर गावाकडचं कुणी ना कुणी. त्यांनी उतरायचं आपल्याकडेच. कलकत्त्यात ज्वारी मिळत नाही म्हणून ते पिठाची पोटली सोबत आणायचे आणि तू स्टोव्हवर भाकरी थापायचीस. मिरच्या तव्यावर पडल्या की अख्खा जिना खोकायला लागायचा. वरच्या मजल्यावरचे डॉक्टरबाबू खिडकी लावून घ्यायचे आणि त्यांची बायको वाटी घेऊन ठेचा मागायला खाली यायची. सालं गच्चीवर वाळत पडलेली, कपड्यांना, अंथरुणाला, माझ्या वह्यांना तोच वास. तुझ्या हातांना तर बारा महिने. शहरातल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला तू दरवर्षी संत्र्याचं वाण द्यायचीस. बदलीवर आलेल्या साहेबांच्या बायका आणि इथेच जन्मलेल्या जुन्या घरांतल्या बायका, दोघींचं एका बाबतीत एकमत असायचं. "तुमचं बरं आहे बाई, घरचंच असतं," असं म्हणून त्या हसायच्या. तूही हसायचीस. एकदा तुझ्या तोंडून 'मला'ऐवजी 'मले' निघून गेलं, तेव्हा त्यांनी एकमेकींकडे कसं पाहिलं होतं ते मी विसरलेली नाही. तू विसरली असशील. तुला असल्या गोष्टी लागायच्या नाहीत, किंवा लागल्या तरी कळू द्यायच्या नाहीत. दोन्हींचा मला सारखाच राग यायचा.

बाबा मला एकदा पहाटे बाजारात घेऊन गेले होते, ते मी हट्ट धरला म्हणून. तिथला भाव तोंडाने बोलत नसत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहायचे, दोघांच्या उजव्या हातांवर गमछा टाकायचा, आणि जे काही ठरायचं ते त्या गमछ्याखाली, बोटं दाबून. कशाचा भाव करायचा तेवढं आधी तोंडाने सांगायचं, करंडी का अख्खी वाघीण. ते झालं की पुढे गप्प. तोंडं दोघांची भलतीकडे, जसं काही हात त्यांचे नाहीतच. बाबांनी मला नियम सांगितला होता. जोवर बोलणी चालू आहेत तोवर हात सुटत नाही. पटलं की दोघांनी एकदम सोडायचा, आणि एकदा सोडला की शब्द फिरवायचा नाही. बाजारात कागद फाडणारे पुष्कळ होते, पण गमछ्याखालचा शब्द मोडलेला कुणी पाहिला नव्हता. कुठल्या बोटाचा काय अर्थ ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. तुला काय करायचंय, म्हणाले.

मग तो वाईट हिवाळा आला. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, म्हणजे नावाला होते, कारण कॉलेज उघडं कमी आणि बंद जास्त. भिंती घोषणांनी भरलेल्या, ट्राम कधी थांबेल याचा नेम नाही, आज बंद तर उद्या घेराव. आपली वाघीण नदीपलीकडे मालधक्क्याच्या अलीकडेच कुठेतरी अडकून पडली. ती सुटली तेव्हा संक्रांत झाली होती. बाबा रोज जाऊन उभे राहायचे आणि संध्याकाळी परत यायचे, त्यांच्या कोटाला येणारा वास बदलत चालला होता. ताज्या संत्र्याचा वास आणि बुरशी धरलेल्या संत्र्याचा वास यांत काय फरक असतो ते मला त्या आठवड्यात कळलं. मालाबरोबर या वेळी काकाजी आलेले, बाबांच्या गावातले सगळ्यांत वयस्क बागाईतदार. त्यांच्याच शब्दावर गावाने आपल्या बागा व्यापाऱ्याला उक्त्या देणं थांबवलं होतं. त्याआधी झाडाला फूल आलं की व्यापारी यायचा, बाग नजरेने तोलायचा, एक आकडा फेकायचा, आणि पुढे फळ कितीही लागो, ते त्याचं. बाबांनी हिंडून हिंडून लोकांना समजावलं होतं की आपण मिळून माल थेट कलकत्त्याला धाडू. दहा-बारा हिवाळे ते जमलंही होतं. आता सगळं त्या एका वाघिणीवर येऊन ठेपलं. ती मातीमोल गेली असती तर गाव पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात जाणार, हे काकाजी बोलत नव्हते पण त्यांच्या जेवणावरून दिसत होतं. तू वाढायचीस आणि ते अर्धी भाकर परत सरकवायचे.

माल शेवटी बाजारात उतरला आणि आडत्यांनी भाव पाडायला एकी केली. फळ थांबत नाही हे त्यांनाही ठाऊक होतंच. बाबा एकामागून एका गमछ्याखाली हात घालत गेले आणि प्रत्येक हाताने त्यांना तीच बोटं दाबून दाखवली. घरी येऊन ते भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, सगळे हात एकाच माणसाचे असल्यासारखे वाटतात. काकाजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग तुझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, पुढल्या साली फूल धरलं की बाग उक्तीच देऊन टाकतो म्या. हे आपल्यानं होनं नाही." त्यांनी हे बाबांना न सांगता तुला का सांगितलं, कोण जाणे. बाबांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू मला म्हणालीस, चल, साडी बदल, आपल्याला एकीकडे जायचंय. तुझ्या हातात परडी, परडीत निवडून काढलेली संत्री. कुठे ते जिना उतरल्यावर सांगितलंस. बाजाराच्या मागच्या बाजूला एका जुन्या आडत्याचं घर होतं. तो दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि गादी, म्हणजे पेढी, त्याच्या बायकोच्या नावावर होती. खरेदी मात्र तिचा दीर करायचा, आणि दीर त्या एकीतला. नवरा होता तेव्हा दर हंगामाला तू त्यांच्याकडे पहिल्या करंडीतली संत्री पाठवायचीस, तेवढीच काय ती ओळख. मी वाटेत तुला विचारलं की जाऊन काय बोलणार आहेस. तू म्हणालीस, मी कशाला बोलू, तू बोलायचंस, म्हणून तर आणलंय. तुझं बंगाली भाजीवाल्यापुरतं होतं आणि माझं बंगाली माझ्या मराठीपेक्षा चांगलं होतं. मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं, हे तुला कळलं होतं का?

त्या बाईंना मी माशीमा म्हटलं, आपल्याकडे मावशी म्हणतात तसं. काठ नसलेली पांढरी साडी, डोक्यावरून पदर, खोलीत एक पलंग आणि नवऱ्याचा फोटो. त्यांनी आपल्याला पाणी दिलं, संदेश दिले. तू मराठीत सांगत गेलीस, मी बंगालीत सांगत गेले, वाघीण कशी अडकली, गाव कसं टांगणीला लागलंय. माशीमांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की त्यांना वाईट वाटतं, पण खरेदी गमछ्याखाली होते आणि परपुरुषाच्या हातात हात देऊन त्या कशा उभ्या राहणार? गादी त्यांची असली तरी हात दिराचा. मी ते तुला सांगितलं. तू मान हलवलीस आणि उठलीस. मला वाटलं, संपलं.

आणि मग तू ती चूक केलीस. दाराशी जाऊन तू थांबलीस. पदर सारखा केलास, मान किंचित पुढे झुकवलीस, आणि डोळे खाली करून उभी राहिलीस. मला आधी कळेचना. मग कळलं. तू कुंकवाची वाट बघत होतीस. सवाष्ण घरी आली की निघताना तिला कुंकू लावायचं, आणि तो तर संक्रांतीचा महिना. कुणाच्याही घरून निघताना तू आयुष्यभर जशी थांबत आलीस तशीच त्या पांढऱ्या साडीसमोर थांबलीस. मी तुझा दंड दाबला. तू वर बघितलंस आणि तुझा चेहरा पार उतरला. माफी कशी मागायची ते तुला कुठल्याच भाषेत सुचेना. माशीमांनी ते सगळं पाहिलं. बंगाली बाईला आपलं हे थांबणं कळायचं काही कारण नव्हतं, तरी त्यांना ते कळलं. त्या रागावल्या नाहीत. तुझ्या कपाळाकडे बघत राहिल्या. मग पुढे आल्या, तुझ्याच परडीतलं एक संत्रं उचलून तुझ्या पदरात घातलं, आणि तुला हाताला धरून परत पलंगावर बसवलं. म्हणाल्या, आता नीट सांग, माल किती चांगला उरलाय?

तू सांगितलंस. खोटं एक अक्षर नाही. वरच्या करंड्या गेल्या, मधल्या चांगल्या आहेत, तळाच्या उघडून बघाव्या लागतील. मी मनात म्हणत होते, अगं इतकं खरं कशाला सांगतेस? त्या ऐकत होत्या. मग त्यांनी मला विचारलं की तुझ्या आईला गमछ्याखालचा हात येतो का. मी तुला विचारलं. माझी खात्री होती की तू नाही म्हणशील. तू म्हणालीस, येतो. लहानपणी मी माझ्या वडिलांजवळ बसून फळ निवडायचे, तेव्हा त्यांनी खेळता खेळता शिकवलाय. सतरा-अठरा वर्षं तुझ्या पोटची पोर म्हणून वावरले आणि ही गोष्ट मला एका परक्या घरात, तीही दुभाषी म्हणून कळली. माशीमा हसल्या. फोटोकडे बघून म्हणाल्या, मला त्यांनी शिकवला. एकत्र कुटुंब, भिंतीला कान, म्हणून रोज जेवताना ताटाखाली माझा हात धरून आजचा भाव सांगायचे. एवढं बोलून त्यांनी तुझा पदर पुढे ओढला, आपल्या आणि तुझ्या हातांवर नीट पसरला आणि तुला म्हणाल्या, "एबार हात दाओ." 'आता हात दे' असं मी तुला मराठीत सांगण्याआधीच तुझा हात पदराखाली गेला होता.

मग मला काही काम उरलं नाही. तुम्ही दोघी बसलात. त्या खिडकीकडे बघत होत्या, तू फोटोकडे. पदर मधूनच हलायचा. बाहेर कुणीतरी पंपावर बादली भरत होतं. मी तुझ्या चेहऱ्यावरून काही कळतं का ते बघत होते आणि काहीच कळत नव्हतं. तू इतकी स्वस्थ मला घरात कधी दिसली नव्हतीस. एकदा तुझी भुवई वर गेली आणि त्या खुदकन हसल्या, म्हणजे त्या पदराखाली कुणीतरी थट्टासुद्धा केली. मला तिथून पळून जावंसं वाटलं आणि तो पदर ओढून काढावासाही वाटला. आणि आई, एक सांगते, सौदा ठरायला एवढा वेळ लागत नाही. मी बाजारात पाहिलं होतं. तुमच्या हातांचं भावाचं बोलणं केव्हाच आटपलं असणार. तरी तुम्ही बसून होतात.

दुसऱ्या दिवशी माशीमांच्या गादीचे ठेले आपला माल उचलायला आले. दिराने आरडाओरडा केला म्हणतात, पण हात दिला गेला होता, आणि दिलेला हात बाईचा आहे म्हणून तो मोडायचा असं म्हणायची बाजारात कुणाची छाती झाली नाही. एक गादी फुटली तशा दुसऱ्याही आल्या. जे सडलं ते सडलं, पण गावाची लाज राहिली. बाबा त्या दिवशी पोटभर जेवले आणि तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. काकाजी निघताना पिठाची उरलेली पोटली तुझ्यासमोर ठेवून म्हणाले, "सौदा बाईनं पदराखाली केला म्हनून गावात सांगू काय म्या? लोकं काय म्हनतीन? तुमच्या मालकानं केला असं सांगतो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काही बोलणार तोच तू मला आत पोळपाट आणायला पाठवलंस. पोळपाट कशाला हवा होता तेव्हा?

ते गेल्यावर मी तुला फैलावर घेतलं. तू गप्प का बसलीस, बाबा गप्प का बसले, ज्याचं त्याला का मिळू नये. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "माल गेला ना? झाडं त्यांचीच राहिली ना? मग तुला नाव कशाला हवंय?" मला ते आजही पटत नाही. एस्प्लनेडच्या हपिसात पुढे मी इतकी वर्षं काढली, माझं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं की मी टेबलं आपटली, पत्रं लिहिली, भांडले, बहुतेकदा जिंकलेही. प्रत्येक वेळी घरी येताना तुझा तांदूळ निवडतानाचा चेहरा आठवायचा आणि जिंकण्याची मजा निघून जायची.

त्यानंतर दर हिवाळ्यात पहिली वाघीण आली की दुपारी तू परडी घेऊन जायचीस. बाबांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ते बाजारात गमछ्याखाली हात घालून उभे राहायचे, ते फक्त चारचौघांना दिसावं म्हणून. मी पहिल्याच वर्षी तुझ्याबरोबर निघाले, तर म्हणालीस, तू कशाला, आता बोलायचं काही नसतं. दोन बायका, एकीला दुसरीची भाषा येत नाही, आणि तिसरीची गरज नाही. मी तुला म्हटलं, मग मलाही तो हात शिकव. कितीदा म्हटलं असेन. तू हसून उडवून लावायचीस. "तुला काय गरज? तू बोलणारी आहेस." इतरांना ती शाबासकी वाटली असती. मला दार लावून घेतल्यासारखं वाटायचं. सगळ्या जगाशी तू मुकी, माझ्याशी फक्त कामापुरती, आणि तिथे त्या पांढऱ्या साडीवालीशी दुपारभर तुझी बोटं बोलतात. मला त्या बाईंचा हेवा वाटायचा. त्यांनी माझं काही वाईट केलं नव्हतं, उलट मला पाहिलं की गालाला हात लावायच्या. तरी वाटायचा.

आणि मग तू आजारी पडलीस, त्या वाईट हिवाळ्यानंतर आठ-नऊ वर्षांनी, एका थंडीत. वाचा गेली, डावी बाजू गेली. डॉक्टर बाबांशी बाहेर बोलत होते. मी तुझ्या पलंगाशी बसलेली, आणि नेहमीप्रमाणे बोलत होते, घरातलं, हपिसातलं, काहीबाही, कारण गप्प बसायची भीती वाटत होती. तू उजवा हात रगाखाली घेतलास आणि माझा हात शोधलास. आधी वाटलं, थंडी वाजते आहे. मग तू माझी बोटं दाबलीस. तीन. थांबलीस. मग सगळा पंजा. मग एकच बोट, बराच वेळ. तुझं तोंड खिडकीकडे होतं. मला समजलं की हे उगीच नाही, हे बोलणं आहे, आणि तू उत्तराची वाट बघते आहेस. कशाचा भाव ते आधी तोंडाने सांगायचं असतं, आई. ते सांगायला तुझ्याकडे तोंड उरलं नव्हतं. तू पुन्हा दाबलंस. तीन, पंजा, एक. काहीतरी मागत होतीस की देत होतीस, तेही मला कळलं नाही.

माशीमांना जाऊन विचारावं असं नंतर कितीदा मनात आलं. गेले नाही. आपल्या आईचा निरोप दुसऱ्या बाईकडून समजून घ्यायचा, हे मला जमलं नसतं. पुढे त्याही गेल्या, आणि ती बोटं वाचणारं कुणी उरलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, ते संत्र्यांच्या परडीखाली राहील. फक्त एक गोष्ट बाबांनाही सांगितली नव्हती, ती तुला सांगते. त्या दिवशी मला काही न कळता मी समजल्यासारखी मान हलवली आणि मोठ्याने म्हटलं, हो आई, हो. सौदा पटला की हात सोडतात. तू सोडलास. मी इतक्या लवकर हो म्हणायला नको होतं. मला बोटं येत नव्हती तरी दोन दाबायची, चार दाबायची, काहीही दाबायचं, घासाघीस करत बसायचं.